सगळ्यात खालची फाइल

लिहिणं हे माझं काम नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. स्वतःबद्दल चार ओळी लिहायला बसलो की मागून कुणीतरी "तू कोण रे?" असं विचारेल, असं वाटत राहतं. या आगाऊपणाबद्दल क्षमा असावी. रागाबद्दल मात्र मागणार नाही.

माझ्या वडिलांचं बिबवेवाडीत मिक्सर आणि इस्त्री दुरुस्तीचं दुकान आहे. मी आठवीत असताना गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी त्यांनी फोन घेतला. त्या काळी फोन असलेल्याला आयकराचं रिटर्न भरावं लागे, कर लागो अथवा न लागो. लोक यावर कुरकुरत. वडिलांना उलट बरं वाटलं. सरकारला आता आपण माहीत आहोत, असं ते म्हणत. मार्च संपला की पावत्या, बँकेचं पासबुक, विजेची बिलं असे सगळे कागद ते एका हिरव्या फाइलमध्ये लावत. फाइल दोन दिवस बुद्धाच्या मूर्तीखालच्या कप्प्यात राही आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शनिवार पेठेतल्या कर सल्लागाराकडे पोचती होई.

तिथला कारकून दर वर्षी हसे. "अहो, आंबे तरी येऊ द्या बाजारात," असं एकदा म्हणाला. वडीलही हसले. वेळेआधी गेलं की आपलं काम आधी होतं, असा त्यांचा साधा समज होता.

माझी बारावी झाली त्या वर्षी वाघोलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात माझा नंबर लागला, कॉम्प्युटरला. फी कर्जाशिवाय भरणं शक्य नव्हतं. बँकेला वडिलांच्या त्या वर्षीच्या रिटर्नची शिक्का मारलेली पोच हवी होती. फीची मुदत ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. फाइल तर एप्रिलमध्येच दिलेली, म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

रिटर्नची मुदत एकतीस जुलैची. तीस तारखेला वडिलांनी मला पोच आणायला पाठवलं. सल्लागाराच्या टेबलाशेजारी जमिनीवर फायलींचा ढीग होता, माझ्या कमरेएवढा. नवी फाइल आली की वर ठेवायची आणि काम करायचं तेही वरूनच. ढिगाच्या अगदी तळाशी एक हिरवा कोपरा दिसत होता. मी ओळखला. एप्रिलमध्ये आलेले आम्ही सगळ्यात खाली होतो आणि काल आलेला माणूस सगळ्यात वर. कारकून म्हणाला, शेवटच्या दिवशी सगळी रिटर्नं एकदमच जातात, काळजी नको. मी बरं म्हणालो आणि जिना उतरलो. हे लिहिताना आजही माझे कान तापतात.

शेवटच्या दिवशी ढिगाच्या तळाशी कुणाचा हात पोचलाच नाही. दुसऱ्या दिवशी वडील आणि मी दोघेही गेलो. सल्लागार चहा पीत होते. ते शांतपणे म्हणाले, "अहो, एवढं काय त्यात? तुम्हाला कर शून्य. दोन दिवस उशीर झाला म्हणून कोणी फाशी देत नाही."

वडील म्हणाले, "साहेब, एप्रिलात दिली होती फाइल."

"अहो, सगळेच देतात."

मग मी तोंड उघडलं. "आमची फाइल सगळ्यात खाली होती. मी परवा बघितली."

त्यांनी कप खाली ठेवला. "बघितली होतीत ना? मग परवा बोलायचं."

 माझा अर्धा राग या वाक्याचाच आहे.

आम्ही फाइल उचलून थेट आयकर कार्यालयात गेलो. फॉर्म एका पानाचा निघाला. बाहेरच्या बाकावर बसून तो मी भरला. बारावी झालेल्या कुणालाही जमला असता. खिडकीतल्या बाईंनी उशिराची नोंद करून शिक्का मारून दिला. शिकलेल्या माणसाने भरलेलाच कागद सरकारात चालतो, असं वडिलांना वाटायचं, म्हणून इतकी वर्षं ते त्या जिन्यावर उभे राहिले. घरात शिकलेला माणूस होता. त्यांना ते सुचलं नाही आणि मलाही नाही.

बँकेने उशिराची पोच पाहून कागद वरच्या ऑफिसला पाठवले. वडील रोज दुपारी दुकान बंद करून बँकेत चौकशी करून येत. फीची मुदत संपली. कॉलेजात मी चार दिवसांची सवलत मागितली. तिथल्या कारकुनाने यादीतल्या पुढच्या मुलाचं नाव मला दाखवलं. त्याची फी भरून झाली होती. मी शहरातल्याच एका कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं. तिथेच आता शिकतो आहे.

बी.एस्सी.चे वर्ग सुरू होऊन आठवडा झाला होता. सकाळी फोन वाजला. वडील एका हातात स्क्रू-ड्रायव्हर धरून ऐकत होते. मग त्यांनी तो खाली ठेवला आणि कानामागची पेन्सिल काढली. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. बँकेचा माणूस होता. मुलाचं कर्ज मंजूर झालंय, म्हणाला, कॉलेजचं पत्र घेऊन या.

"आभारी आहे साहेब," वडील म्हणाले. "किती वाजता येऊ?"