न विचारता काढलेला फोटो

रिठदहून मी निघाले ती गजाननकाकांच्या मोटारसायकलवर, मेथीच्या दोन गाठोड्यांच्या मधोमध, मांडीवर बॅग घेऊन. काका आमचे शेजारी. मळ्यातली भाजी रोज रिसोडच्या बाजारात न्यायचे, म्हणून मला स्टँडवर सोडायचं काम आपोआपच त्यांच्याकडे आलं. आई दारातून एवढंच म्हणाली, "पोचली की फोन करजो." मला वाटलं होतं, रडेल. ती आत निघून गेली.

पुण्याच्या गाडीत काका माझ्या आधी चढले. खिडकीशी बसलेल्या एका बाईला त्यांनी विचारलं, "बाई, कोन्या गावच्या?" दोन मिनिटांत तिचं माहेर, सासर, लेकाची नोकरी सगळं निघालं. "हे आमची पोट्टी हाये. पुन्यापरेंत ध्यान ठेवजा," असं तिला बजावून, कंडक्टरनं दोनदा बेल मारल्यावर ते खाली उतरले. मी लाजेनं खिडकीबाहेर बघत होते. बाई मात्र रात्रभर माझ्या अंगावर स्वतःची शाल सारत राहिली.

पुण्यातलं पहिलं वर्ष मी फारसं बोललेच नाही. ऑफिसात एकदा 'मले' म्हणाले आणि तीन टेबलं हसली. त्यानंतर मी जीभ अशी घासूनपुसून घेतली की आईच फोनवर म्हणाली, "काहून अशी परक्यावानी बोलते वं?" दुसऱ्या वर्षी एक वापरलेला कॅमेरा घेतला आणि दर रविवारी मंडईत जाऊ लागले. सुरुवातीला लांबून चोरून फोटो काढायचे. एका लिंबूवालीनं पकडलं आणि चार लोकांत असं झापलं की पुढचे दोन रविवार मी खोलीतच बसले.

मग काकांची आठवण झाली. कॅमेरा खाली धरायचा, समोर उभं राहायचं आणि विचारायचं, कोणत्या गावच्या? माणूस गावाबद्दल बोलायला लागला की चेहरा सैल होतो. तेव्हा म्हणायचं, एक फोटो काढू का? नाही म्हणाले तर नमस्कार करून पुढे जायचं. हो म्हणाले तर काढलेला दाखवायचा, आणि लोकांना दाखवू का हेही विचारायचं. हा नियम मी फार कडक पाळायचे. इंटरनेटवर माझं फोटोंचं पान होतं, लोक कौतुक करायचे, आणि त्या कौतुकानं मी जरा फुगलेही होते.

पाच वर्षांनी काकांच्या मळ्यातली विहीर आटली आणि तेही पुण्याला आले. कंपनीत सुपरवायझर आहेत, असं आईकडून कळलं होतं. भेटू भेटू म्हणत वर्ष गेलं. मग एका दुपारी एका मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला ते मला दिसले. लाल अंगरखा, तुरा लावलेला फेटा, कमरेला खोटी तलवार. पालथ्या क्रेटवर बसून डबा खात होते. दारात उभं राहून पाहुण्यांना मुजरा करायचं काम होतं ते. लावायच्या मिशा काढून डब्याच्या झाकणावर चिकटवून ठेवल्या होत्या.

"अवं, तू!" म्हणून ते एवढे खूष झाले की घास हातातच राहिला. आम्ही आईबद्दल, मळ्याबद्दल बोललो. बोलता बोलता मी कॅमेरा उचलला. त्यांनी पाहिलं आणि जेवत राहिले. मी विचारलं नाही. आमच्याकडे घरच्या माणसाला कोणी काही विचारतं का? शेजारच्या टोपल्यातली भाकर विचारून घेतली तर काकू दोन दिवस रुसायची. घरी त्यांनी काय सांगितलंय, हेही मी विचारलं नाही. संध्याकाळी फोटो पानावर टाकला. खाली लिहिलं, आमच्या रिठदचे गजाननकाका. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला फोटो होता, हे सांगायला मला आजही लाज वाटते.

दोन दिवसांत तो गावातल्या प्रत्येक फोनवर पोचला. पोरं काकांना फोन करून "मुजरा, राजे!" म्हणायला लागली. मेव्हण्यानं विचारलं, हीच का तुमची सुपरवायझरकी? काकांनी गावचे फोन घेणं बंद केलं, मग काकूचाही घेईनात. मी फोटो काढून टाकला, पण तोवर तो माझा राहिला नव्हता. माफी मागायला कार्यालयात गेले तर ते दारात उभे, मिशा लावलेले. माझ्यामागे वरात. त्यांनी मलाही वाकून मुजरा केला आणि हळूच म्हणाले, "आत व्हय बाई, मांगं गर्दी हाये." मी आत गेले, कोणाच्या तरी लग्नात उभी राहिले आणि मागच्या दारानं बाहेर पडले.

दिवाळीला काका घरी आले नाहीत. मी गेले होते. काकूसमोर जायची हिंमत होईना, पण भिंतीला भिंत लागून घर, किती दिवस चुकवणार? तिनं फोन मागितला. फोटो माझ्याकडे आहे हे तिला ठाऊक होतं. दोन बोटांनी मोठा करून तिनं आधी डबा पाहिला.

"नुस्तं वरन-भात खाऊन राह्यले," ती म्हणाली. मग कपड्यांकडे बराच वेळ बघत राहिली. "त्यायनं आमाले सांगतलं नाई ते त्यायचं चुकलं. पन तू जगाले इचारते ना वं? मंग याहिलेच काहून नाई इचारलं?"

मी म्हटलं, "घरचे होते म्हणून."

काकूनं फोन परत दिला. "घरचे होते म्हनूनच इचारा लागत होतं," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

इकडे आलेल्यांनो, तिकडे राहिलेल्यांनो, तुम्हाला हे सांगते आहे कारण आपण सगळेच एकमेकांपासून काहीतरी झाकून आहोत. घरी फोनवर मी तरी कुठे सांगते, नोकरी दोनदा सुटली होती ते? काकांचं मात्र मी जगासमोर उघडं केलं.

उन्हाळ्यात काका चार दिवसांसाठी घरी आले. काकूनंच मला गावी बोलावून घेतलं. "याहिचा एक घरचा फोटो काढून दे. ज्यायनं तो पाह्यला त्यायले हा पाहू दे." काका अंगणात आले. पांढरा सदरा, केस पाण्यानं बसवलेले. मी पहिल्यांदा त्यांना विचारलं, "काका, काढू का?"

त्यांनी मान हलवली. गळ्यापाशी बटण लावलं, हात बाजूला सरळ केले आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं, मंडईतली अनोळखी माणसं पाहायची तसं. मी फोटो काढला. दाखवायला जवळ गेले तर त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही.

"हा कोनाकोनाले दाखोशीन?" त्यांनी विचारलं.

लोक मला विचारतात, घर म्हणजे काय वाटतं आता. कोणाकोणाला दाखवशील, हे मला जिथं कोणी विचारत नव्हतं, ती जागा. काका उत्तराची वाट बघत उभे होते. मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल त्यांना," आणि त्यांना ते खरं वाटलं की नाही, मला अजून माहीत नाही.