मनकर्णाबाईचा नंबर

साऱ्या गावाचा मोबाइल नंबर एकच, आणि तो मनकर्णाबाईचा. रेंज फक्त तलावाच्या पाळीवर यायची आणि पाळीवर घर तिचं एकटीचं. त्यामुळे सरकारी दवाखान्याचा फॉर्म भरताना एकोणसत्तर जणांनी बिनदिक्कत तिचाच नंबर ठोकून दिला होता. बाई मासोळ्या विकायची, पण नाव होतं ते तिच्या तोंडाचं. तिने पट्टा सुरू केला की गिऱ्हाईक भाव करायचं विसरायचं.

मग कुणा बहाद्दराने दवाखान्याचं कॉम्प्युटर फोडलं आणि अख्ख्या तालुक्याची दुखणी चोरांच्या हाती गेली. दवाखान्याचे साहेब म्हणाले, घाबरायचं कारण नाही. तेव्हाच बाईने ओळखलं, आता काही खरं नाही.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू. शालिकराम बोलताय का? धनराज बोलताय का? नाव, वय, गोळ्या, सगळं चोरांना तोंडपाठ. फक्त ओटीपी तेवढा हवा. बाई एकेकाचा सात पिढ्यांसकट उद्धार करायची. एकाने मुखरूच्या मूळव्याधीची चौकशी केली. “मीच मुखरू,” बाई म्हणाली, “ये इथी, दाखवतो तुले!” पाळीवर बसलेलं गाव हसून लोळलं. मुखरू तेवढा उभाच राहिला.

पोचूभाऊ मात्र रोज काठी टेकत यायचा. एकटा म्हातारा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, जाळं टाकायचं तेही अंदाजाने. ऑपरेशनचा नंबर लागला की फोन येणार होता.

“बाई, आला का माहा फोन?”

“नाई जी भाऊ. नुसते चोराइचेच येऊन राह्यले.”

शनिवारी रुपाली आली, गावची आशा सेविका. “काकू, मंगळवारी दवाखान्यातून फोन आला होता. शुक्रवारी पोचूभाऊले चंद्रपूरले न्यायचं होतं. तुमी त्या फोनवाल्याले काय बोलल्या?”

बाईला लख्ख आठवलं. ‘तुहेच डोळे काढून मासोळ्याइले घालतो,’ असं बोलली होती. पोचूची जागा दुसऱ्याला गेली. आता नंबर तीन महिन्यांनी.

संध्याकाळी म्हातारा आला. लाजेने बाईचा जीव अर्धा झाला होता.

“भाऊ, आला होता फोन. म्याच त्याले हाकलला. द्या मले शिव्या.”

पोचूचा चेहरा उजळला. “आला होता? खरंच? मले वाटलं, म्हातारा मेला असन म्हणून नावच कापलं त्याइनं.”

त्याने एखादी शिवी हासडली असती तर बरं झालं असतं, असं बाईला वाटलं. डोळ्यांना पदर लावून ती आत गेली.

पुढचे तीन महिने चोरांचे फोन येतच राहिले. मनकर्णाबाईने ओटीपी कुणालाच दिला नाही, आणि शिवीही दिली नाही. दात आवळून प्रत्येकाचं बोलणं ती शेवटपर्यंत ऐकायची आणि मग विचारायची, “पोचूभाऊच्या डोळ्याचं काही हाये का जी?”