गाण्यातला पांढरा झगा

टाकेबाई एकतीस वर्षं एकाच चर्चचे कपडे शिवत होत्या. फादरांचे झगे, गायनवृंदाचे निळे अंगरखे, वेदीवरची वस्त्रं, सगळं त्यांच्याच मशीनवरून जायचं. कोणाचा उजवा खांदा पडलाय आणि कोणाचं पोट दर वर्षी बोटभर पुढे येतंय, हे त्या माणसाच्या आधी त्यांना कळायचं. टाकेबाई हे नाव आधीच्या फादरांनी चेष्टेत ठेवलं होतं. ते गेले, नाव राहिलं.

घर चर्चच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीला लावून पायमशीन आणि त्याच्याशेजारी पलंग. पलंगावर कापड पसरलं की नवऱ्याने खुर्ची शोधायची, असा घरचा कायदा होता.

एका सकाळी डोक्यावर काळा गॉगल चढवलेला एक माणूस कापडाचे गठ्ठे घेऊन जिना चढून आला.

"मावशी, शाळेचं नाटक आहे. संतांच्या जीवनावर," तो म्हणाला. सिस्टरांचे आठ काळे झगे हवे होते आणि एक पांढरा, फादरांचा असतो तसा, पाठीवर सोनेरी द्राक्षाच्या घडाचं भरतकाम असलेला.

टाकेबाईंनी मापाचा कागद पाहिला. "शाळेतल्या मुलीची छाती अडतीस?"

"मोठ्या वर्गातल्या आहेत, मावशी."

"आणि हिची उंची पाच फूट नऊ?"

"खेळाडू आहे."

कापड मात्र उत्तम होतं. जड, मऊ, हातातून पाण्यासारखं उतरणारं. ते इतकं चांगलं होतं, की पुढचे प्रश्न टाकेबाईंनी विचारलेच नाहीत. हे त्यांनी नंतर कबूल केलं, पण फक्त नवऱ्याजवळ. पुढचे पाच आठवडे त्या राबल्या. गळ्याला आतून दुहेरी पट्टी, सगळी तुरपाई हाताने, आणि पाठीवरचा घड त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने, एक द्राक्ष पानाआड अर्धं लपलेलं. गॉगलवाला गठ्ठे घेऊन गेला आणि टाकेबाई ते काम विसरूनही गेल्या.

दोन महिन्यांनी नणंद धापा टाकत जिना चढून आली. ती गायनवृंदात गायची आणि गावभरच्या बातम्या सर्वांत आधी तिच्याकडे यायच्या.

"वहिनी, हे बघ. हे बघ काय झालंय!"

फोनवर एक नवं गाणं चाललं होतं. सगळ्या देशाला वेड लावलेली ती गायिका काट्यांचा मुकुट घालून मेणबत्त्यांमधून चालत येत होती. आठ सिस्टरा बाकांवर उभ्या राहून नाचत होत्या. गायिका पापाची कबुली द्यायच्या लाकडी खोलीच्या छपरावर बसून पाय हलवत होती, मग उठून थेट वेदीवर चढली. शेवटी तिने गळ्याशी हात घातला आणि पांढरा झगा टर्रकन फाडून टाकला. आत लालभडक फ्रॉक. नणंदेने चित्र मागे नेऊन थांबवलं आणि गायिकेच्या पाठीवर बोट ठेवलं.

"ही द्राक्षं कोणाची?"

एक द्राक्ष पानाआड अर्धं लपलेलं होतं.

टाकेबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाल्या, "दुहेरी पट्टी होती गळ्याला. ती अशी फाटूच शकत नाही. आधी कात्री मारलीय मेल्यांनी."

"तुला पट्टीचं पडलंय? ती वेदीवर चढलीय, वहिनी!"

"ती वेदी प्लायवूडची आहे. झगा खरा होता."

आतून नवरा डोकावला. "चाल बरी आहे हं," तो म्हणाला. दोघींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पुन्हा आत गेला.

रविवारी मिस्साची प्रार्थना संपल्यावर चर्चच्या समितीने टाकेबाईंना बाजूच्या खोलीत बोलावलं. सात माणसं अर्धगोल करून बसली होती. मधोमध सेक्रेटरी, निवृत्त हेडक्लार्क, कुठलंही दुःख अर्जात बसवणारा माणूस. फादर कडेच्या खुर्चीवर किल्ल्यांचा जुडगा चाळत होते.

"ते गाणं म्हणजे आपल्या श्रद्धेचा घोर अपमान आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"तुम्ही पाहिलंत?"

"असलं मी बघत नाही."

"मग अपमान कळला कसा?"

"तिसऱ्या मिनिटाला ती वेदीवर चढते. मिसेसने पाहिलंय."

सातांपैकी एकानेही गाणं पाहिलेलं नव्हतं. पण कोणत्या मिनिटाला काय होतं हे सातही जणांना पाठ होतं. सेक्रेटरींनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर वाचायचं माफीपत्र. 'माझ्या अज्ञानामुळे हातून घडलेल्या पापाबद्दल' अशी त्याची सुरुवात होती.

"अज्ञान कसलं? मला फसवलं. शाळेचं नाटक म्हणून सांगितलं. तसं लिहा."

"फसवलं लिहिलं तर समितीला तक्रार करावी लागेल. तक्रार म्हणजे पोलीस, पोलीस म्हणजे पेपरवाले. त्यापेक्षा तुमचं अज्ञान सोपं पडतं."

टाकेबाईंनी फादरांकडे पाहिलं. फादर किल्ल्या मोजत होते.

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी," टाकेबाई उठत म्हणाल्या. "मी सही करणार नाही."

तूर्त त्यांचं काम थांबवण्यात येत आहे, असं दुसऱ्या दिवशी नणंदेच्या हाती लेखी आलं.

त्यानंतरच्या दिवसांनी टाकेबाईंच्या नाकी नऊ आणले. एकीकडे चर्चमधल्या बायका जिन्यात भेटल्या की आवाज बारीक करायच्या. दुसरीकडे कुठून कुठून पोरी पत्ता काढत यायच्या आणि दारातूनच ओरडायच्या, "तो गाण्यातला झगा इथेच शिवला ना? मला तस्साच हवाय, पण गुडघ्यापर्यंत!" दूधवाल्यापासून दवाखान्यातल्या नर्सपर्यंत प्रत्येकाला मत होतं आणि प्रत्येकाला ते टाकेबाईंनाच सांगायचं होतं. नणंद गायनवृंदात मान खाली घालायची आणि बाजारात मान वर करून सांगायची, "आमच्या वहिनीनेच शिवलाय." आणि नवरा रोज सकाळी दाढी करताना तीच चाल गुणगुणायचा.

"अहो, निदान गालाला साबण असेपर्यंत तरी तोंड बंद ठेवा!"

"मी कुठे काय म्हणतोय?" तो विचारायचा, आणि त्याला खरंच पत्ता नसायचा.

शेवटी एका दुपारी नवरा बाहेर गेल्यावर टाकेबाईंनी दार लावलं, चष्मा पुसला आणि ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. नाच त्यांना बटबटीत वाटला. मुकुट तर सरळसरळ वायरचा होता. पण कबुलीच्या जाळीशी बसून गायिका हळू आवाजात एक ओळ म्हणत होती, 'चूक कुणाची, विचारलं नाही, गुडघे मात्र माझेच टेकवले.' टाकेबाईंनी ती ओळ पुन्हा ऐकली. मग चिडून फोन पालथा ठेवला. निदान गाणं तरी टाकाऊ निघायला हवं होतं. तेवढंही सुख नशिबात नव्हतं.

त्याच आठवड्यात गॉगलवाला परत आला. हातात कागदी पिशवी, पिशवीत तो पांढरा झगा.

"मावशी, आठ दिवसांनी स्टेजवर कार्यक्रम आहे. मॅडमना हाच हवाय. दुसरीकडे नवा शिवायला दाखवला, पण हे भरतकाम कुणाला जमत नाही. हाच सांधून द्या."

"संतांच्या जीवनावर आहे का कार्यक्रम?"

गॉगलवाल्याने डोक्यावरचा गॉगल काढून खिशात घातला. टाकेबाईंनी त्याला मग जे सुनावलं ते खालच्या मजल्यावरही ऐकू गेलं. एकतीस वर्षांचं काम गेलं, शेजारणी बोलत नाहीत, आणि हे सगळं कशासाठी, तर याला तोंड उघडून 'गाण्यासाठी हवंय' एवढं म्हणवलं नाही म्हणून!

"खरं सांगितलं असतं तर शिवलं असतंत?"

"नसतं शिवलं. तो माझा प्रश्न होता. तो तू मला सोडवू दिला नाहीस."

पण बोलता बोलता झगा त्यांनी पिशवीतून बाहेर काढला होता आणि फाटलेला गळा उलटा करून बघितला होता. खरंच कात्री मारली होती, तीही वाकडी. त्यांच्याच्याने ते बघवेना. स्वतःवरच वैतागून त्यांनी अट घातली. रविवारी चर्चमध्ये यायचं आणि समितीसमोर सांगायचं, की मी खोटं बोललो.

गॉगलवाला आला. इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि खोलीत उभा राहून नीट, स्पष्ट बोललाही. "या मावशींना काही माहीत नव्हतं. शाळेचं नाटक म्हणून मीच सांगितलं. चूक माझी आहे." पण तोवर तो त्या गायिकेचा माणूस आहे हे बाहेर फुटलं होतं. गायनवृंदातल्या साऱ्या मुली दारात जमल्या, कार्यक्रमाचे पास मिळतील का म्हणून. त्यांत सेक्रेटरींची नातही होती.

तिला घरी पिटाळून सेक्रेटरी घाम पुसत परत आले. "ठीक आहे. ह्यांचं निवेदन आम्ही नोंदवून घेतो," ते म्हणाले. "आता टाकेबाई, तुमच्या पत्राचं काय?"

टाकेबाईंनी हात टेकले. त्या घरी आल्या आणि झग्याचा गळा शिवायला बसल्या.

पत्र त्यांनी कधीच दिलं नाही. मागणंही हळूहळू बंद झालं, कारण नवे माईक कुठल्या खांबावर बसवायचे यावरून समितीत अशी जुंपली, की गाणं बिणं सगळे विसरले. कोणी चूक झाली म्हणालं नाही, कोणी परत बोलावलंही नाही. गॉगलवाल्याच्या ओळखीने नाटकांची कामं येऊ लागली. आता टाकेबाई मशीनपाशी एक वही ठेवायच्या आणि माप घेण्याआधी गिऱ्हाइकाकडून लिहून घ्यायच्या, कपडा कशासाठी हवा आहे.

वर्षभराने एका दुपारी फादर स्वतः जिना चढून आले. अंगात बाहेरून मागवलेला तयार झगा होता, खांद्यावर ताठ, खाली पायात येणारा.

टाकेबाईंनी वही पुढे केली. फादरांनी बराच वेळ पेन धरून ठेवलं, मग लिहिलं, 'पायात अडकून दोनदा पडलो.'

"त्या दिवशी मी बोलायला हवं होतं," ते वही परत देत म्हणाले.

"हो, हवं होतं. सात जणांत तुम्ही एकटे बोलला असतात, तरी मला पुरलं असतं."

फादरांनी मान हलवली. त्या आणखीही बोलणार होत्या, वर्षभराचं साठलं होतं. पण म्हातारा उभ्या उभ्या थकलेला दिसत होता आणि डावा खांदा पूर्वीपेक्षा चांगलाच उतरला होता.

"फादर, हात वर करा," टाकेबाई करवादल्या. "आणि श्वास रोखून धरू नका हो, माप चुकतं!"