हाताने बसेल तेवढंच घट्ट

वहिनी गेल्याचं कळलं तेव्हा मी नेदरलँड्समध्ये, ब्रेडाला, ऑफिसच्या कँटीनमध्ये रांगेत उभी होते. मंदारदादाचा फोन आला. "शुभांगी गेली गं," एवढंच म्हणाला. फोन ठेवताना म्हणाला, "येताना घाई करू नकोस. सावकाश चालव." आजारपण लांबलेलं होतं, तेव्हा धक्का बसला म्हणणं खोटं ठरेल. पण माहीत असणं वेगळं आणि फोन येणं वेगळं. त्याला आता काही आठवडे झाले. रडून झालंय. म्हटलं, आता माझ्या वहिनीबद्दल नीट लिहावं, आणि ते तिच्या गाडीपासूनच सुरू करावं. तिला तेच आवडलं असतं.

ॲमस्टरडॅमजवळच्या नीउ-व्हेनेपला लोक शाळा बघून, बाग बघून घर घेतात. वहिनीने घेतलं ते दारापुढे गाडी लावायला स्वतःची जागा आहे म्हणून. तिथे तिने एक जुनी, डिझेलवर चालणारी, अगडबंब एसयूव्ही आणून उभी केली. आमच्या ओळखीतल्या बहुतेकांच्या गाड्या कंपनीच्या लीजवरच्या. किल्ली गॅरेजवाल्याच्या हातात दिली की संपलं. वहिनी ॲमस्टरडॅमला बुइटनव्हेल्डर्टजवळच्या ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टर होती, म्हणजे दुसऱ्याच्या कामावर विश्वास न ठेवण्याचाच तिला पगार मिळायचा. "गॅरेजवाल्याने तेल खरंच बदललं की नुसतं बिल दिलं, हे मला कसं कळणार?" असं म्हणायची. पुण्यात स्कूटरला किक बसली नाही तर दादाला हाका मारणारी ही बाई, इथे व्हिडिओ बघून बघून इंजिन ऑइल बदलायला शिकली. आणि दादा? बॉनेटचा खटका कुठे आहे, हे तो दर वेळी नव्याने विचारायचा.

माझं काम टॉर्च धरायचं. एरवी आमचं अगंतुगं चालायचं, पण गाडीखाली शिरली की मी तिची 'वन्सं' व्हायचे. "वन्सं, उजेड बोल्टवर पाडा, माझ्या डोळ्यात नको!" आधी इंजिन थोडं गरम करायचं म्हणजे तेल पातळ होऊन नीट निथळतं, मग खालचा बोल्ट काढून ट्रे लावायचा आणि गप्प उभं राहायचं. मला कुठलं गप्प राहवतंय! फिल्टरच्या बाबतीत तर ती महा चिकित्सक. गाडीचा नंबर टाकला की वेबसाइट फिल्टर दाखवते, पण बाईसाहेब जुना फिल्टर पिशवीत घालून दुकानात जाणार आणि दोन्ही शेजारी ठेवून पारखणार. आतली रबराची झडप बोटाने दाबून बघणार. ती कडक झाली तर उभ्या गाडीतलं तेल खाली उतरतं, आणि थंडीत सकाळी इंजिन कोरडं खडखडतं. तेलाच्या डब्याचंही तेच. समोर लिहिलेली ती जाहिरात, मागच्या बारीक अक्षरात इंजिनाला काय चालतं ते लिहिलेलं असतं, असं मला तिने इतक्यांदा ऐकवलंय की आता सुपरमार्केटमध्ये मी शाम्पूचीसुद्धा मागची बाजू वाचते.

नवा फिल्टर बसवताना त्याच्या रबराला ती अनामिकेने ताजं तेल लावायची, कुंकू लावतात त्या बोटाने. मग हाताने फिरवायची. एकदा मी हौसेने पाना पुढे केला तर तिने तो काढूनच घेतला. "अगं, तेल आहे आत, सोनं नाही! पान्याने आवळलास की रबर चेपतं. हाताने बसेल तेवढंच." मग इंजिन सुरू करून वाकून बघायची आणि "एक थेंब नाही!" असं पोरीचा निकाल लागल्यासारखं सांगायची.

शेवटचं तेल तिने गेल्या हिवाळ्याआधी बदललं. औषधांनी फार थकली होती, म्हणून पहिल्यांदाच दादा खाली शिरला आणि बोल्ट त्याने काढला. त्या गाडीत फिल्टरपर्यंत वरून हात पोचतो. तो तिने उभ्यानेच बसवला. मी आत चहा टाकत होते. ती आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "झालं. मंदारने तपासलंसुद्धा. घट्ट आहे म्हणाला." चेहरा इतका खुलला होता की मी तिला दोन कप चहा पाजला.

परवा दादाकडे गेले तर गाडीखाली पुठ्ठा, पुठ्ठ्यावर काळा डाग, आणि हा पठ्ठ्या नरसाळं लावून वरून तेल ओततोय. माझं डोकंच फिरलं.

"अरे, गळतेय ती!"

"माहितीये. फिल्टरपाशी. रोज बघतो, कमी झालं की घालतो."

"आणि एखाद्या दिवशी बघायचं राहिलं तर? इंजिन जाईल, दादा. तिने जिवापाड जपलेली गाडी आहे ही. गॅरेजला दे."

"नको."

"मग मी आवळते."

"हात लावू नकोस!" माझा भाऊ माझ्यावर कधी ओरडत नाही. मग त्यानेच नरसाळं खाली ठेवलं. "तिची बोटं तेव्हा बधिर झाली होती गं... बटणं मी लावून द्यायचो. फिल्टर बसवला आणि म्हणाली, मंदार, बघ रे, बसलाय का. मी हात लावला. सहज फिरत होता."

"मग?"

"मग काय... म्हटलं, घट्ट आहे. तेव्हा आवळला असता तर तिला कळलं असतं. आणि आता... आता तो तिने बसवलेला आहे."

मी तिथेच, उघड्या बॉनेटला धरून, मोठ्याने रडले. शेजारचे डच आजोबा कुंपणावरून बघून आत गेले. डोळे पुसून दादाला म्हटलं, "ती असती ना, तर पुठ्ठा बघून तुला उभा सोलला असता." तो हसला. शेडमध्ये पुढच्या वेळचा फिल्टर आणि तेलाचा डबा तिने आणूनच ठेवले होते. या वेळी खाली मी शिरले. जुना फिल्टर दादाने काढला, दोन बोटांनी निघाला. जुनं तेल नगरपालिकेच्या कचरा केंद्रात देण्यासाठी डब्यात भरलं, फिल्टर मात्र त्याने निथळून, पुसून फळीवर ठेवला, नवा होता त्या जागी. मग अनामिकेने रबराला तेल लावलं आणि नवा फिल्टर फिरवत फिरवत बसवला.

"बघ गं, बसलाय का."

मी हात घातला. जोर लावून बघितला. जरासुद्धा हलला नाही.

"घट्ट आहे," मी म्हटलं.

दादा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "खरं सांग."

"खरंच घट्ट आहे, दादा."