प्रेक्षक म्हणून निवडलेली बाई

कॉलेजच्या जिन्याखालच्या खोलीत झेरॉक्सवाल्या मावशी एकोणीस वर्षं मशीन चालवत होत्या. मुलं कागद द्यायची, प्रती घ्यायची आणि निघून जायची. आपल्याकडे कुणी बघतं, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

एके दिवशी व्हिडिओ शिकणाऱ्या एका मुलीने प्रोजेक्टचा कागद दिला. वर लिहिलं होतं, ‘आमच्या गाण्याच्या व्हिडिओचा प्रेक्षक’. मावशींनी सहज खाली नजर टाकली आणि मशीन चालू करायचं राहूनच गेलं. ‘वय पन्नाशीच्या आसपास. दिवसभर मशीनशेजारी काम. जेवताना भिंतीकडे तोंड. एकटी असली की गुणगुणते. दुःखी.’

"अगं, ही तर मी!"

मुलगी कानापर्यंत लाल झाली. "सॉरी मावशी. सर म्हणाले, ‘तरुणांसाठी’ असं मोघम लिहू नका, एक खरं माणूस डोळ्यांसमोर ठेवा. आम्हाला तुम्हीच आठवलात."

मावशी स्टुलावर बसल्या. आपलं गुणगुणणंसुद्धा कुणी ऐकलं होतं! त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी ‘दुःखी’वर काट मारली आणि शेजारी लिहिलं, ‘दमलेली’.

"दमलेल्या माणसाला रडगाणं नको असतं गं," त्या म्हणाल्या.

मुलांनी ठरवलेलं संथ गाणं बाजूला ठेवून उडत्या चालीचं घेतलं. व्हिडिओ तयार झाल्यावर सगळी आधी मावशींकडे आली. मावशींनी तो उभ्यानेच दोनदा पाहिला. चांगला झालाय म्हणाल्या; शेवट जरा लांबलाय, हेही सांगितलं.