राइसा ल्वोव्नाने लपवलेला पासपोर्ट

दौंड स्टेशनवर मला सोडायला पप्पा शिफ्ट बदलून आले होते, पण अंगात कंपनीचा निळा शर्टच होता. कुरकुंभच्या केमिकल कंपनीत ते ऑपरेटर. चर्चच्या पाळकसाहेबांनी प्लॅटफॉर्मवरच प्रार्थना केली, तेव्हा पप्पांनी डोळे मिटले नाहीत. त्यांचं सगळं लक्ष माझ्या बॅगांवर. गाडी हलली तसे ते खिडकीबरोबर चालत म्हणाले, "पासपोर्ट कुणाच्या हातात द्यायचा न्हाई. कुणी कितीबी गोड बोलू दे."

दिल्लीहून विमानानं मी कझाकस्तानात अलमाटीला गेले, एमबीबीएसला. शिरूर-दौंडकडनं माझ्यासारख्याच तिकडं आलेल्या पोरींनो, हे तुमच्यासाठीही लिहितेय. तुमच्यातल्या कितीजणींनी घरी खरं सांगितलंय, मला माहीत आहे.

दुसऱ्या वर्षी हॉस्टेल सोडून मी एका म्हातारीच्या फ्लॅटमध्ये खोली घेतली. तिचं नाव राइसा ल्वोव्ना. वय ऐंशीच्या पुढं, पाठ मात्र ताठ. दौंडला आमचं दार दिवसभर उघडं, शेजारीण थेट चुलीपर्यंत यायची. इथं एका दाराला तीन कुलपं, आणि आत एक खोली कायम बंद. काही महत्त्वाचं बोलायचं असलं की ती आधी स्वयंपाकघरातला नळ सोडायची. मला वाटायचं, भांडी घासायची असतील. मग कळलं, भिंतीपलीकडं ऐकू जाऊ नये म्हणून. माझा फोन आला की तिची पावलं पॅसेजमध्ये थांबायची. व्हिडिओ कॉलवर आई कुजबुजायची, "म्हातारी नजर ठिवून हाय तुझ्यावर. जेवणात काय घालती, बघत जा." मीही ताट उचलताना वास घ्यायला लागले होते.

त्याच वर्षी मी अॅनाटॉमीत नापास झाले. घरी सांगितलं नाही. एक एजंट भेटला. युरोपातल्या हॉटेलात काम देतो म्हणाला. मी कुणालाच न सांगता बॅग भरली. निघायच्या दिवशी दुपारी कपाट उघडलं, तर पासपोर्ट गायब.

म्हातारी पाव आणायला गेली होती. बंद खोलीची किल्ली तिच्या जुन्या कोटात असते हे मला ठाऊक होतं. नजर काय तिनंच ठेवली होती असं नाही. आत भिंतभर फोटो होते, बर्फावर स्केटिंग करणाऱ्या जोड्यांचे. खोक्यात पांढरे चामडी स्केट्स, आणि त्यांच्याखाली माझा पासपोर्ट.

मागं वळले तर ती दारात.

"पोलिसांना बोलवू का?" मी ओरडले.

तिनं नळ सोडला नाही. पहिल्यांदाच ती तशीच बोलली. सोव्हिएत काळात ती लेनिनग्राडला कोच होती. एक मुलगा आणि एक मुलगी, अशी जोडी तिनं लहानपणापासून घडवली होती. परदेशी स्पर्धेला गेलं की सगळ्यांचे पासपोर्ट कोचच्या पर्समध्ये. एका सकाळी मुलगा म्हणाला, घोटा दुखतोय, दवाखान्यात दाखवायला पासपोर्ट लागतो. तिनं दिला. तो परत आलाच नाही, तिकडंच राहिला. बस सुटायच्या वेळेला त्याची जोडीदारीण मांडीवर स्केट्स घेऊन बसून होती.

"मग महिनोन्महिने सरकारी चौकशी. कुणाकुणाला माहीत होतं? मला वाटायचं, त्या मुलीला माहीत होतं. तिला वाटायचं, मला. पुन्हा आम्ही एकमेकींशी बोललो नाही."

शिक्षा म्हणून राइसा ल्वोव्नाला अलमाटीला पाठवलं. परदेशी जायला कायमची बंदी. तीस वर्षं तिनं इथल्या शाळकरी पोरांना उघड्या मैदानातल्या बर्फावर शिकवलं. त्यांतलं कुणी स्पर्धेला गेलं, तर रेल्वे स्टेशनपर्यंत सोडायला जायची आणि परत यायची.

"बॅग भरताना तू गाणं म्हणत होतीस," ती म्हणाली. "तोही म्हणत होता."

तिनं पासपोर्ट माझ्या हातात ठेवला. "जा. पण सांगून जा. मला नाही, तुझ्या बापाला."

मी पप्पांना फोन लावला. नापास झाले, पळून चालले होते, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पुन्यांदा बस परीक्षेला. आन् कपाटाला कुलूप लाव."

लावलं. राइसा ल्वोव्नानं ते हातात घेऊन ओढून पाहिलं आणि मान हलवली, "चांगलं आहे."

पुढच्या खेपेला मी पास झाले. एजंट खरा होता की खोटा, मला आजही माहीत नाही. आता मी इथल्याच हॉस्पिटलात डॉक्टर आहे, राहते त्याच फ्लॅटमध्ये. बंद खोली उघडी असते. ती अजून माझ्या बॅगेकडं बघते, मी अजून कुलूप तपासते. घर कुठलं, असं कुणी विचारलं तर मी दोन पत्ते सांगते. दोन्हीकडं माझ्यावर पुरता विश्वास नाही, आणि दोन्हीकडं माझी वाट बघतात.

गेल्या नाताळात दौंडला गेले होते. एका सकाळी मावशीकडं केंदूरला निघाले, तर दारात थांबून कुठं चाललेय, कुणाबरोबर, किती वाजता येईन, सगळं सांगत बसले.

आई हसली. "आगं, केंदूरलाच चाललीस नव्हं? येवढं काय सांगायचं त्यात?"

पप्पांनी हातातला पेपर खाली ठेवला.

"सांगू दे तिला," ते म्हणाले.