ब्याऐंशी किलोंची चिठ्ठी

आमच्या साडूंनी उभ्या जन्मात वजन केल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवला नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी देवघरातला पितळी बाळकृष्ण वाण्याकडे नेऊन तागडीत घातला आणि अकरा तोळे भरला म्हटल्यावरच त्याला फूल वाहिलं, असं त्यांच्या घरात सगळे सांगत. त्यांचा तरी काय दोष म्हणा. संगमनेरजवळच्या एका साखर कारखान्यात ते बैलगाडी-काट्यावर कारकून होते. उसाची गाडी आली की आधी भरलेली मोजायची, ऊस उतरवून गाडी परत आली की रिकामी मोजायची, वजाबाकी करायची आणि चिठ्ठी फाडून गाडीवानाच्या हातात द्यायची. हंगामाच्या दिवसांत पहाटेपासून हेच. चिठ्ठी एकदा फाडली की वजन बदलायचं नाही, हा काट्याचा कायदा. गाडीवान रडो, शिव्या देवो, नाहीतर पाया पडो, आमचे साडू पुढच्या गाडीला हात करून मोकळे होत. पंधरा वर्षं असं केल्यावर माणूस घरी येऊन काट्यावरून उतरेल कसा?

समोर आलेलं माणूस ते आधी डोळ्यांनी तोलत आणि मग नमस्कार करत. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा मोठे जावई म्हणून तेच पुढे बसले होते. माझं शिक्षण, शाळेतली नोकरी, पगार, सगळं बाकीच्यांनी विचारून झाल्यावर ते सासऱ्यांच्या कानाशी लागून, पण मला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, "छप्पन. चष्म्यासकट." पुढे कारखान्याच्या दवाखान्यात माझं वजन केलं तर छप्पनच्या वर काटा हलला नाही. मयतीलाही त्यांचं हे सुटत नसे. गल्लीतल्या एका म्हाताऱ्याच्या तिरडीला आम्ही दोघांनी मागून खांदा दिला होता. पुढे लोक "राम राम" म्हणत चाललेले, आणि हे चेहरा तसाच दुःखी ठेवून माझ्याकडे न बघता पुटपुटले, "बासष्ट. आजारपनात धा-बारा उतरलेत." मला त्या प्रसंगी हसू आवरेना आणि लोकांना वाटलं की मास्तर फार रडतायत.

ते स्वतः अठ्ठेचाळीस किलो आणि उंचीने पाच फुटांना थोडे कमी. त्यांची बायको, म्हणजे आमच्या हिची थोरली बहीण, आक्का. आक्का उंच, धिप्पाड, गोरीपान आणि मोठ्या आवाजाची. दोघं बाजाराला निघाली की आक्काच्या सावलीत साडू चालत आणि उन्हाळ्यात ते टोपी वापरत नाहीत याचं कारण आम्ही सगळे हेच सांगायचो. आक्कासुद्धा हसायची. पण तिचे गुडघे गेले होते. तिचं माहेर, म्हणजे माझीही सासुरवाडी, चंदनापुरीचा घाट चढून गेल्यावर वरच्या पठारावर. एस्टी फाट्यावर सोडते आणि तिथून आत दोन कोस खडकाळ वाट. मेव्हणा मुंबईला गिरणीत गेला, बैल विकले, आणि फाट्यावर न्यायला बैलगाडी यायची बंद झाली. आमची ही पदर खोचून तरातरा चालत जायची. आक्काला ते जमत नव्हतं. चार वर्षं तिने आईचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि सासूबाईंची नजर दिवसेंदिवस कमी होत चालली होती. तेव्हा मोटारसायकल घ्यायची आणि आक्काला मागे बसवून थेट आईच्या दारात उतरवायचं, असं साडूंनी सत्तर साली ठरवलं. प्रश्न एवढाच राहिला की कोणती.

गाड्या दोनच. एक लहान, पावणेदोनशे सीसीच्या इंजिनाची. स्वस्त, हलकी, पेट्रोलला गरीब, महिना-दोन महिन्यांत मिळणारी, आणि मुख्य म्हणजे तिच्यावर बसलं की साडूंचे पाय जमिनीला लागत. दुसरी मोठी, साडेतीनशेची. महाग, नंबर लावून वाट बघायची, पण ताकदीला बैलजोडी. माझ्यासारख्या माणसाने खिशाकडे बघून लहान घेतली असती आणि गप्प बसला असता. पण साडू म्हणाले, "पाव्हणं, आधी वझं किती ते ठरवू. मंग गाडी."

वझं म्हणजे आक्का. एका दुपारी काट्यावर गर्दी नाही असं पाहून त्यांनी तिला बोलावून घेतलं. बैल सोडलेल्या गाडीत तिला बसवलं, भरलेली गाडी मोजली, तिला उतरवलं, रिकामी गाडी मोजली आणि रीतसर वजाबाकी केली. तेवढ्यात उसाच्या दहा-बारा गाड्या येऊन मागे थांबल्या होत्या आणि सगळे गाडीवान आपापल्या गाडीवर उभे राहून हा सोहळा पाहत होते. त्या काट्यावर पाच किलोच्या खालचं काही कळत नसे. काटा ऐंशी म्हणाला, वरचे दोन साडूंनी आपल्या नजरेने घातले आणि ब्याऐंशी किलोंची कारखान्याची छापील चिठ्ठी फाडून आक्काच्या हातात दिली. "उसासारखं मोजलं गं मला," आक्का आमच्या हिला सांगत होती, आणि सांगताना लाजत होती. ती चिठ्ठी तिने आरशाच्या मागे खोचून ठेवली.

मग घाटात परीक्षा झाली. कारखान्याच्या ओव्हरसियरकडून लहान गाडी मागून आणली, ब्याऐंशी किलो वाळू पोत्यात भरली आणि ते पोतं मागच्या सीटवर करकचून बांधलं. पोत्याला आक्काचं जुनं लुगडं गुंडाळलं होतं. ते कशाला, हे मी विचारलं तर म्हणाले, "वाऱ्याचा हिसाब नको का?" मी साक्षीदार म्हणून एस्टीने पुढे जाऊन दुसऱ्या वळणावर उभा राहिलो. खालून गाडी आली ती रडतच आली. वळणावर तिने एक आचका दिला आणि बंद पडली. पोतं मागे ओढत होतं, साडू ब्रेक धरून पुढे वाकले होते आणि लुगड्याचा पदर वाऱ्यावर उडत होता. मी धावत जाऊन चाकाला दगड लावला. घाम पुसत ते म्हणाले, "हितं तुमची आक्का उतरनार अन् चालनार. गुडघं हायेत का तिला?" लहान गाडी त्या दिवशी बाद झाली.

पण मोठी त्यांच्याने पेलत नव्हती. शेतकी अधिकाऱ्यांची मोठी गाडी कारखान्याच्या मागच्या मोकळ्या जागेत त्यांनी चालवायला घेतली. पहिल्याच किकने त्यांना उलट फेकलं ते पाचटाच्या ढिगात. चालली की उत्तम चालायची, पण थांबली की साडूंचे पाय हवेत, आणि मग ती गाडी सावकाश, जेवण झालेल्या पाहुण्यासारखी डाव्या कुशीवर आडवी व्हायची. त्यांनी चांभाराकडून बुटांना टायरचे दुहेरी तळवे लावून घेतले. मग गाडी उजव्या कुशीवर होऊ लागली. दीड वर्ष हा माणूस नुसता विचारत फिरला. लहान गाडीवाला दिसला की त्याला घाट विचारायचा, मोठ्या गाडीवाला दिसला की त्याची उंची. आक्का वैतागून म्हणायची, "अवं, कुठलीबी घ्या. मी एस्टीनं घाट चढते, फाट्यावर उतरते. तुमी लहान गाडी घिऊन वर या. तितून पुढं सपाटच हाय की." इतकी साधी गोष्ट. पण साडूंचा पारा चढे. "बायको एस्टीत अन् मी एकला गाडीवं? मंग गाडी कशाला घ्यायची?" एकदा मी समोर असताना ती हसत म्हणाली, "मंग आसं करा, गाडी लहान घ्या, मीच कमी हुते." आम्ही तिघंही खूप हसलो. मी मत दिलं ते मोठ्या गाडीला. सासुरवाडीत साडूंची मोठी गाडी उभी राहिली की आपलाही भाव वाढेल, हा त्यातला माझा खरा हिशेब होता. आज ते लिहिताना लाज वाटते. साडूंनी मोठ्या गाडीला नंबर लावला.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. उसाची मुळंसुद्धा जनावरांनी खाल्ली. कारखान्याचा हंगाम सुरू झाला तसा संपला. साडू रोज काट्यावर जाऊन बसत, त्याला तेल घालत, वर एखादं कुत्रं चढलं तर त्याचं वजन बघत आणि घरी येत. त्या वर्षी सगळीच माणसं उतरली होती. रेशनवरच्या लाल मिलो-ज्वारीच्या भाकरी खाऊन कोणाचं अंग राहणार? त्यामुळे आक्काची पोलकी सैल झाली, ती घटाघटा पाणी पिऊ लागली, याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. गेलं ते आमच्या हिचं. आक्काच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात हे तिने पाहिलं आणि साडूंना म्हणाली, "दाजी, आक्का फार वाळलीय हो." दाजी म्हणाले, "छ्या! ब्याऐंशी हाय." आणि त्यांनी आरशामागची चिठ्ठी काढून तिला दाखवली. मयताचं वजन खांद्यावर ओळखणारा हा माणूस, रोज समोर बसून जेवायला वाढणाऱ्या बायकोकडे त्याने दोन वर्षांत पुन्हा त्या नजरेने पाहिलंच नव्हतं. चिठ्ठी फाडलेली होती ना.

पायाला झालेली जखम बरी होईना म्हणून मीच आक्काला संगमनेरला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तपासून साखरेचा आजार सांगितला, आणि फार उशीर केलात असंही सांगितलं. घरी येऊन सांगितल्यावर साडूंनी ते ऐकून घेतलं. जन्मभर साखरेच्या कारखान्यात राहून घरात साखर शिरली, यावर ते काहीतरी बोलतील असं मला वाटलं होतं. ते उठून काट्यावर गेले. त्यानंतर महिनाभरात मोठ्या गाडीचा नंबर लागला.

माघातल्या एका सकाळी ती दोघं निघाली. मी आणि ही एस्टीने पुढे जाऊन फाट्यावर थांबलो. मोठ्या गाडीचा आवाज घाटातून वर येताना लांबूनच ऐकू आला. कुठे अडखळणं नाही, रडणं नाही. गाडी आली, टायरचे तळवे जमिनीला टेकले आणि चमत्कार म्हणजे ती आडवी झाली नाही. आक्का मागे बसली होती, हिरवं लुगडं, डोक्यावर घट्ट पदर, आणि चेहऱ्यावर असं हसू की आमची ही रडायलाच लागली. मी साडूंना म्हटलं, "शाबास! घाट मारलात की." त्यांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. त्यांनी मला थोडं बाजूला घेतलं. "पाव्हणं," ते म्हणाले, "गाडीला काय कळलंच न्हाई. मागं कोन बसलंय का न्हाई, तेच समजंना. दोनदा मागं वळून बगितलं मी." मग त्यांनी मागच्या सीटवर हात दाबून पाहिला. "लहान गाडीनंबी झालं आसतं हो."

त्या परीक्षेत चाकाला दगड लावायला मीच होतो, आणि मोठ्या गाडीला मतही माझंच होतं.

खडकाळ वाटेने गाडी सावकाश चालली आणि आम्ही दोघं तिच्या बरोबरीने चालत गेलो. सासूबाई अंगणात बाजेवर बसल्या होत्या. आता त्यांना उजेड-अंधार एवढंच कळत होतं. गाडीच्या आवाजाने दचकल्या. आक्का लंगडत पुढे गेली आणि काही न बोलता त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून बसली. म्हातारीने तिच्या पाठीवरून, दंडावरून, मनगटावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला आणि आमच्या हिच्या आवाजाकडे तोंड करून विचारलं, "ही कोन गं? थोरली कुठंय? ती न्हाई आली?" आक्का म्हणाली, "आई, मीच हाय." म्हातारी म्हणाली, "न्हाई. माजी थोरली भरल्या अंगाची." मग आक्काने लहानपणीच्या कुठल्याशा गोष्टी सांगितल्या, तेव्हा म्हातारीची खात्री पटली, आणि त्या दोघी जे रडल्या ते मला बघवेना. मी अंगणाबाहेर आलो. साडू गाडीपाशी उभे राहून फडक्याने टाकी पुसत होते. टाकीवर धूळ नव्हती.

वैशाखात आक्का गेली. त्या उन्हात साडूंच्या डोक्याला टोपी नव्हती. मागून खांदा आम्हा दोघांचाच होता, पूर्वीसारखाच. उंचीच्या फरकामुळे तिरडी माझ्या बाजूने वर राहत होती, म्हणून मी गुडघ्यात वाकून चालत होतो. मी सारखा त्यांच्याकडे बघत होतो. ते पुटपुटतील, एखादा आकडा सांगतील, याची मला भीती वाटत होती. खरं सांगायचं तर थोडी आशाही होती, कारण मग ते आमचे साडूच राहिले असते. पण त्यांनी ओढ्याकाठच्या स्मशानापर्यंत तोंड उघडलं नाही.

आता ऊस पुन्हा आलाय, काटा पुन्हा सुरू आहे, गाडीवानांशी भांडणंही होतात. मोठी गाडी त्यांनी विकली नाही. दर महिन्याला एका रविवारी ते एकटे घाट चढतात आणि आंधळ्या सासूच्या दारात जाऊन उतरतात. गेल्या महिन्यात ते निघत होते तेव्हा मी तिथेच होतो. मागच्या सीटवर सासूबाईंसाठी जोंधळ्याचं पोतं बांधलेलं होतं, आणि त्याला ते जुनं लुगडं गुंडाळलेलं होतं. वाऱ्याचा हिसाब असेल. जुन्या सवयीने, त्यांना जरा बरं वाटावं म्हणून म्हणालो, "काय साडूबुवा, किती भरलं पोतं?"

त्यांनी दोरीची गाठ ओढून पाहिली, दोन्ही बूट जमिनीला नीट टेकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मोजलं न्हाई, पाव्हणं."